एक्स्चेंजबाईंची परीक्षा

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसून ज्यांनी अर्ध्या गावाचं उरलेल्या अर्ध्या गावाशी बोलणं करून दिलं, त्या बाईंना आता साधा फोन वापरता येत नाही, असं त्यांच्या पोटच्या पोरांचं मत पडलं. पडायला कारणही झालं होतं. मागच्या महिन्यात बाईंना चक्कर आली, तेव्हा मोबाइल उशाशी होता आणि बाई भिंतीवर वाटी आपटत होत्या. वाटीच्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले धावत आले. फोन आपला उशाशी चमकत राहिला.

"मग उपयोग काय त्याचा?" थोरला म्हणाला. त्याने अट घातली. रविवारी अकरा वाजता आईने त्याला आणि धाकटीला एकदम व्हिडिओ कॉल लावायचा, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवायचा आणि डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवायची. जमलं तर आई आपल्या दोन खोल्यांत राहील. नाही जमलं, तर गाशा गुंडाळून थोरल्याकडे.

थोरल्याचं घर बाईंना ठाऊक होतं. तिथे पलंग होता, पंखा होता, आणि कशालाही हात लावला की "राहू द्या आई, मी करते" म्हणणारी सून होती. सून चांगलीच होती, तीच तर अडचण. तिथे जायचं म्हणजे शोभेची कुंडी होऊन बसायचं.

थोरल्याने दोनदा शिकवून पाहिलं होतं. "किती सोपं आहे बघ," म्हणायचं, आईच्या हातातून फोन घ्यायचा, भराभर बोटं फिरवायची आणि "कळलं?" विचारायचं. बाई "कळलं" म्हणत. थोरला खूश होऊन घरी जाई.

शेवटी घड्याळवालेच कामाला आले. त्यांना स्वतःला फोन शिकून जेमतेम दोन महिने झाले होते. त्यामुळे काय कळत नाही, हे त्यांना अजून पक्कं आठवत होतं.

"दाबा ना!"

"आणि बिघडलं तर?"

"यात फिरणारं एक चाक नाही बाई, बिघडायचं काय? दाबा म्हणतो ना!"

"आधी तुमचे हात काखेत घाला. बोटं नुसती वळवळतायत तुमची."

घड्याळवाल्यांनी हात काखेत घातले. बाईंनी दाबलं. समोर घड्याळवाल्यांच्या बहिणीचा चेहरा उगवला. "आता तिसरा माणूस हवा तर हे अधिकचं चिन्ह," घड्याळवाले म्हणाले.

"अहो, मग ही आमची कॉन्फरन्सच की!" बाई उसळून म्हणाल्या. "हे आधी नाही का सांगायचं? दोन दिवस उगीच जीव खाल्लात माझा."

रविवारी सगळं झालं. पहिल्या फोटोत गोळ्यांऐवजी अंगठा आला, दुसऱ्यात गोळ्या आल्या. डॉक्टरांची मंगळवारी दहाची वेळ मिळाली. थोरल्याचं तोंड मात्र उतरलं. "बरं. छान. ठेव आता," तो म्हणाला.

आता एक्स्चेंजातली शिस्त अशी, की दोन्हीकडचे बोलणारे खाली ठेवेपर्यंत मधल्या माणसाने वायर उपटायची नाही. बाईंनी फोन टेबलावर पालथा घातला आणि मुलांनी फोन ठेवण्याची वाट बघत बसल्या. मुलांना समोर काळोख दिसला. आई गेली, असं ती धरून चालली.

"तू थांब गं जरा," थोरला म्हणाला. "खोल्या बघायला बुधवारी लोक येतायत. त्यांना काय सांगू?"

"पण दादा, पास झाली ना ती."

"पास कसली! त्या घड्याळवाल्याने पढवलंय. महिन्याने परत घेऊ. जरा अवघड काढू या."

"बघ बाबा. मला मात्र मध्ये घेऊ नकोस," धाकटी म्हणाली, आणि मधेच बसून राहिली.

तारेवर काय ऐकू येईल ते गिळायचं, हीसुद्धा एक्स्चेंजातली शिस्त. बाईंनी तीस वर्षांत जमलेली लग्नं मोडताना ऐकली होती, पण ब्र काढला नव्हता. आताही काढला नाही. फोन उचलला, अधिकचं चिन्ह दाबलं आणि थोरल्या नणंदेला जोडून घेतलं. वय एक्क्याऐंशी. यांच्याशी बोलताना अजून सगळं घर उभं राही.

"हॅलो! कोण गेलं?" नणंदेने विचारलं.

"कोणी नाही वन्सं. तुमचा भाचा माझ्या खोल्या लोकांना दाखवतोय. विचारा त्याला."

"आई! तू अजून इथेच?" थोरला दचकला. मग त्याला आशा वाटली. "बघ, हेच म्हणत होतो मी! बंदच करता येत नाही तुला!"

"कसल्या खोल्या रे?" वन्सं कडाडल्या. "कुणाला विचारून?"

"आत्या, तुमचा आवाज तुटतोय. काही ऐकू येत नाही..."

"काय गं, तुटतोय का माझा आवाज?"

"छे हो वन्सं," बाई म्हणाल्या. "लाईन स्वच्छ आहे."

धाकटीला एकाएकी खोकला आला. वन्संनी फर्मान काढलं, की त्या लोकांना आत्ता, सगळ्यांसमोर नाही म्हणून सांग. थोरल्याने घाईघाईने खोल्या बघायला येणाऱ्या गृहस्थांना कॉलमध्ये घेतलं, आणि खोल्या मिळणार नाहीत असं एका दमात सांगून टाकलं.

नव्या चौकटीतले गृहस्थ गोंधळले. "असं कसं? आईंनी खुशीने होकार दिलाय म्हणाला होतात ना तुम्ही? त्यांना विचारलंत का?"

"त्याने नाही, आता तुम्हीच विचारलंत," बाई म्हणाल्या. "नाही म्हणते मी."