गोळ्या सांभाळणारं माणूस

साहेब माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसला आणि त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही. मी त्याला पाठमोरा ओळखला असता. माझा धाकटा भाऊ फौजेत त्याच्या हाताखाली होता. झोप लागत नाही म्हणून रजा मागायला गेला, तर हा चारचौघांत म्हणाला, "नाटकं बंद कर." त्याच आठवड्यात भावानं जीव दिला.

आता यालाच झोप लागत नव्हती. जगण्यावरून मन उडालेल्या माजी सैनिकांवर आमच्या दवाखान्यात झोपेच्या गोळीची चाचणी चालू होती आणि मी तिथली नर्स. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला गोळी. कुणाला कोणती, ते आम्हालाही कळू देत नाहीत. याला ती खोटीच मिळो, असं मी अगदी मनापासून म्हटलं.

"गोळ्या घरी कोण सांभाळणार?" मी विचारलं. असल्या रुग्णाच्या हाती आम्ही पाकीट देत नाही. दुसऱ्या कुणीतरी ते कुलपात ठेवायचं आणि रोज एकच गोळी द्यायची.

"कुणी नाही. बायको सोडून गेली."

"मग तुम्हाला घेता येणार नाही."

त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. "सिस्टर, काहीतरी करा हो. मला घरी जायची भीती वाटते."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग कागदावरचा पत्ता दिसला. हा नुकताच आमच्या मागच्या गल्लीत राहायला आला होता. मरून हा सुटणार आणि आम्ही जन्मभर जळत बसणार? छे!

"शेजारचं कुणी चालेल?" मी डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले.

"मग आमची आई ठेवील," मी म्हटलं आणि मी कुणाची बहीण ते साहेबाला सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दुसरं कुणी..."

"आहे दुसरं कुणी?"

त्यानं सही केली.

संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. त्याला चांगलं फैलावर घे, असं मी आईला दिवसभर पढवलं होतं. तिनं कपाट उघडलं, गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि तो गिळेपर्यंत समोरून हलली नाही.

"आई, तुमच्या मुलाला मी..."

"आई म्हणू नकोस मला," ती म्हणाली. "रोज यायचं. एक दिवस चुकलास, तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. मी आहे तोवर तुला मरू द्यायची नाही."