आबांच्या दारातला खळगा

सन एकसष्टात गावात डांबरी रस्ता आला, पाठोपाठ एस.टी. आली आणि नेमकी विठोबाच्या चहाच्या दुकानापुढे थांबू लागली. चार घरे पलीकडे आबांचे हॉटेल. तिथे नेमाने येत त्या फक्त माशा. गाडी आपल्या दारात आली नाही तर चूल विझणार, हे आबांना स्वच्छ दिसत होते आणि जीव नुसता जळत होता.

पण देव दयाळू. दुसऱ्याच उन्हाळ्यात विठोबाच्या दुकानापुढचा रस्ता खचला. चाकांखाली दोन लांबट खळगे पडले, कडेने डांबर फुगून वर आले. ओव्हरसियरसाहेबांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "एकदा हत्ती चालवा, रस्ता सहन करील. पण तापलेल्या डांबरावर रोज तेच चाक त्याच जागी थांबलं, की ते जरा जरा दबत जातं आणि पुन्हा वर येत नाही."

गावाने मान डोलावली. शिकलेल्या माणसाला काहीतरी बोलावेच लागते.

खरे कारण आबांनी सांगितले. "राखणदाराची वाट ती! थंय मोटार उभी केलेली तेका चलणा नाय." गावाची राखण करणाऱ्या देवापुढे ओव्हरसियरची काय मातब्बरी! नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, सर्वांत मोठ्याने आबा. थांबा आबांच्या दारात आला.

मग काय थाट विचारता! बायकोच्या, सत्यवतीच्या, कुड्या मोडून नवी बाकडी आली, भजी सुरू झाली. विठोबा रस्त्याने जाताना दिसला की आबांना हटकून खोकला येई.

पुढच्या वैशाखात आबांच्या दारातला रस्ता खचला. तसाच, जोडीने.

"अरे, चाकान दबता तो!" आबा येईल त्याला ओरडून सांगू लागले. "उन्हान डांबर नरम जाता, दुसरा काय नाय!" लोकांनी फार सहानुभूतीने ऐकून घेतले. म्हातारी हौसाबाई म्हणाली, "आबानु, राखणदार विठोबाच्या दारातसून उठलो तो तुमच्या दारात इलो. तेचो राग जाग्यार नाय, तुमच्यार आसा."

आठवडाभरात गाडी पुन्हा विठोबाकडे थांबू लागली.

रिकाम्या बाकड्यावर सत्यवती येऊन बसली. मोकळ्या कानांवर पदर ओढून तिने हळूच विचारले, "अवो, खरा सांगा. राखणदाराचा तुमी काय वायट केलात?"

सांगण्यासारखे खरे एकच होते, आणि तेवढेच आबांना सांगता येईना. ते उठून भज्यांची थंड कढई घासू लागले.