टेबलावरची मिरपूड

"दुसऱ्याच्या मशीनवर चालवून बघ. तुझ्या मशीनला तुझी सवय झालीय," असं शंकासुरानं मला बजावलं होतं, आणि मी ते उडवून लावलं होतं. शंकासुर म्हणजे प्रयोगशाळेतला माझा सीनिअर. कुणी काहीही सादर केलं की शंका विचारायला याचा हात वर, म्हणून ते नाव. मला तेव्हा सातवा महिना होता, पाय सुजलेले, आणि माझा कंपाइलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम, चित्रं दुप्पट वेगानं काढून देत होता.

"तुला दुधातसुद्धा खडे सापडतील," मी म्हटलं होतं.

कंपाइलरची युक्ती साधी होती. चित्र काढणाऱ्या प्रोग्राममधल्या बेरजा-गुणाकारांचा क्रम तो बदलायचा आणि वेळ वाचवायचा. क्रम बदलला की उत्तराचा शेवटचा अंक किंचित हलतो. शंकासुराचं म्हणणं, हा हललेला अंक कधीतरी चित्रात उमटणार.

लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा परिषद आली. नातीला सांभाळायला आई सोबत आली. या परिषदेत नुसतं बोलून भागत नाही, हॉलमधल्या मशीनवर प्रोग्राम चालवून दाखवावा लागतो. मी तासभर आधीच जाऊन चालवला. पडद्यावर टेबल, टेबलावर किटली, खिडकीतून येणारं ऊन. सगळं ठीक, फक्त उन्हातल्या टेबलभर काळे ठिपके. कुणी मिरपूड सांडावी तसे.

आई लेकीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "हे मुद्दाम केलंयस का गं?"

"नाही."

"मग तुझा तो हात वर करणारा काय म्हणाला होता?"

दोन वर्षांचं काम, त्यातले शेवटचे महिने तर एका हातानं लेकीला थोपटत काढलेले, तासाभरात सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार होतं. मी शंकासुराला फोन लावून ठिपक्यांचं सांगितलं. वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. तो एवढंच म्हणाला, "ते ठिपके म्हणजे खोट्या सावल्या. सावल्यांच्या हिशोबात क्रम बदलू देऊ नकोस. त्यासाठी कंपाइलरमध्ये एक स्विच घालून ठेवलाय, तू रजेवर असताना."

"मग चालू का नाही केलास?"

"काम तुझं. तुला न विचारता करायचं नव्हतं."

स्विच चालू केला. टेबल लख्ख. वेग मात्र दुप्पटचा दीडपट झाला. मी स्लाइडवरचा आकडा बदलला आणि शेवटच्या पानावर त्याचे आभार मानले.

भाषण झालं. सत्र चालवणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "छापील शोधनिबंधात दुप्पट आहे, इथे दीडपट कसं?"

मी काही लपवलं नाही. मिरपुडीचं चित्र दाखवलं. "मला एकानं आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही," म्हटल्यावर हॉलभर हशा पिकला. हसणारे बहुतेक माझ्यासारखेच असावेत. बाई म्हणाल्या, "हे निबंधातही दुरुस्त करा. दीडपटही काही कमी नाही." जीव भांड्यात पडला.

नंतर मागच्या खोलीत लेकीला पाजत बसले होते. मला लेकीचा श्वाससुद्धा मोजत बसायची खोड आहे, आणि आज एक गोष्ट नजरेतून सुटली होती. शंकासुरानं फोनवर मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग बसलीस काय? लाव परत."

दोनदा रिंग वाजून थांबली. तिसऱ्यांदा उचलला.

"बरा आहेस ना?"

तो म्हणाला, "माझा निबंध परत आला. नापसंत होऊन. चार दिवस खोलीबाहेर पडलो नाहीये." मग, "तुला कसं कळलं?"

"तू काहीच विचारलं नाहीस."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "मी हिची आई. आधी जेवून घे, बाळा. मग काय रडायचं ते रड."

फोन परत माझ्याकडे आला, तेव्हा तो नाक ओढत होता. "आणखी एका मशीनवर चालवून बघितलंस का?"

"नाही रे, आज संध्याकाळी बघते," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. इतका गोड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तुमच्याकडेही असेल असा एखादा, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा. तुमचं किती काही त्याच्यामुळे वाचलंय, ते तुम्हालाही ठाऊक नसेल. तो हल्ली गप्प झाला असेल, तर आजच त्याला फोन लावा. पहिल्यांदा नाही उचलला, तर परत लावा.