प्लगवरची काजळी

"काय वैद्य, पेशंट काय म्हणतोय?" चहाचे दोन पेले घेऊन शेजारचा वेल्डर गॅरेजात शिरला.

वैद्य हे काही त्या मेकॅनिकचं खरं नाव नव्हे. इंजिनाचा प्लग काढून हातात घेतला की मालक गाडी कुठे आणि कशी चालवतो हे तो घडाघडा सांगायचा, म्हणून गल्लीनं ही पदवी बहाल केली होती. लांब पल्ल्याच्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा निघतो आणि नुसती बाजारापर्यंत जाणारी गाडी आतून काळवंडते, एवढंच त्याचं शास्त्र. पण तो ते असं रंगवून सांगे की गिऱ्हाईक लाजून हसायचं. वेल्डर तर खास त्यासाठी हातातलं काम टाकून यायचा. जिभेला हाड नसतं म्हणतात, वैद्याच्या जिभेला लगामही नव्हता.

आजची गाडी जावयाची होती. सकाळी आचके द्यायची, सिग्नलला बंद पडायची. जावई म्हणे, चालतेय की, राहू दे. पण तो रोज हायवेनं दुसऱ्या शहरातल्या ऑफिसला जायचा. भर रस्त्यात गाडी बंद पडली, मागून ट्रक आला तर, या धास्तीनं लेकीला झोप नव्हती. आज तो एका सहकाऱ्याच्या गाडीतून जातो म्हणाला, तशी तिनं त्याला सांगून स्वतःच गाडी बापाकडे आणली आणि मागे स्टुलावर बसून राहिली.

वैद्यानं चारही प्लग काढले. कोरडी, मऊ, काळीकुट्ट काजळी. मग हवा आत नेणारा पाइपांचा जुडगा सोडवून त्यानं आत बॅटरी मारली. व्हॉल्व्हवर कार्बनचे थर बसले होते, करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखे. इंजिनात डोकं घातलं की गाडी कुणाची, मागे कोण बसलंय, याचा त्याला विसर पडे.

"पेशंट म्हणतोय, मला नुसतं बसवून ठेवतात," तो रंगात येऊन म्हणाला. "अरे, ही पळणाऱ्या गाडीची काजळीच नव्हे! हा गडी रोज कुठंतरी झाडाखाली गाडी लावतो, एसीसाठी इंजिन चालू ठेवतो आणि दिवसभर आत बसून राहतो. जात नाही की येत नाही. घरी बायकोला वाटत असेल, साहेब कामावर गेलेत!"

वेल्डर हसला नाही. तो वैद्याच्या खांद्यावरून मागे बघत होता.

वैद्य वळला. लेक उभी राहिली होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. त्याच्या हातातला प्लग खाली पडून घरंगळत गेला. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. इथं बापानं चारचौघांत हसत हसत लेकीच्या कानात तापलेली सळई घातली होती. वेल्डर पेले तिथंच ठेवून निमूट निघून गेला.

"नाही गं, पेट्रोलमध्ये भेसळ असेल," वैद्य कसाबसा म्हणाला. "कधी कधी सीलही गळतात..."

"बाबा, तुमचं निदान कधी चुकलंय?"

तिनं गाडीचं दार उघडलं. मागच्या वेळी ऑइल बदलल्यावर त्यानंच आत मीटरच्या आकड्याचं स्टिकर लावलं होतं. तिनं ते वाचलं, मग मीटर पाहिला. आकडा जेमतेम पुढे सरकला होता.

"मी सकाळी शर्टाला इस्त्री करते, बाबा. डबा भरते. संध्याकाळी विचारते, आज रस्त्याला गर्दी होती का? म्हणतात, फार होती." ती थांबली. "नोकरी गेली, तर मला का नाही सांगितलं?"

जावयाच्या कानाखाली आवाज काढावा असं वैद्याला वाटलं. पुढच्याच क्षणी, स्टिअरिंगवर डबा टेकवून काचा बंद करून एकटाच जेवणारा तो डोळ्यांसमोर आला आणि वैद्याचा हात ढिला पडला. आपलेच दात, आपलेच ओठ.

काम तर करायलाच हवं होतं. त्यानं व्हॉल्व्हवर औषध ओतलं, थर भिजू दिले, ब्रशनं घासले, विरघळलेली काळी घाण नळीनं ओढून घेतली. पुन्हा ओतलं, पुन्हा घासलं. खालचा धातू चमकेपर्यंत तो थांबला नाही.

उन्हं कलली तेव्हा त्यानं सगळं परत जोडून गाडी सुरू केली. मागून काळा धूर भसकन निघाला, मग पातळ होत गेला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. तेवढ्यात जावई आला. पायीच. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

"आज मीटिंग लांबली हो," तो वैद्याला म्हणाला. "झाली का गाडी? उद्या हायवेला..."

वैद्यानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं.

लेक पुढे झाली. तिनं नवऱ्याच्या बॅगेतून डबा काढून घेतला.

"अहो, उद्यापासून मी डबा भरणार नाही," ती हळूच म्हणाली. "घरीच जेवा. गरम वाढते."

जावयाचा हात गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेला आणि तिथंच राहिला. तो कुणाकडेच बघेना. गाडी उभ्या जागी चालूच होती. वैद्यानं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून ती बंद केली.