कलाबाईनं ऊब दिलेला डबा

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. उकिरड्यावरून बोलतोय, म्हणून नाक मुरडू नका. माझ्या पोटात दुधासारखं पांढरं, पातळ प्लास्टिक असायचं. ते खूप तापवलं की नितळ होतं, साच्यात ओतून गार केलं की त्याचा लुसलुशीत बेडूक नाहीतर मासा बनतो. त्यात गळ लपवून पाण्यात टाकला की खरी मरळ झडप घालते. आमिष म्हणतात त्याला.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला आणलं गोपालनं. हा मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतला, असली आमिषं बनवणारा माणूस. त्यानं मला आपल्या दोस्ताला दिलं, लोकेशला. तेव्हापासून मी लोकेशच्या घरातला.

लोकेश ढिवर, मासे धरणाऱ्यांच्या जातीतला. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, तलावाच्या काठावर, आणि तलावाच्या पलीकडे थेट जंगल. लोकेशचा बाप मुखरू पहाटे जाळं काढायला गेला आणि वाघानं त्याला पाण्याच्या कडेवरूनच उचलला. गाव हाकारे घालत गेलं तेव्हा हाती लागलं ते कोणी कलाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, बघू दिलं नाही. तिनं लेकाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "उपाशी राहू, पर तू त्या तलावात पाय टाकाचा नाई."

आता ढिवराच्या पोरानं पाण्यात जायचं नाही तर करायचं काय, सांगा! म्हणून गोपालनं त्याला हे काम शिकवलं. घुग्घुसचे खाणकामगार सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली घेऊन मासे गळाला लावायला निघतात, ते लोकेशचे बेडूक आवडीनं नेत. घरातल्या कोणालाच काठावर जावं लागत नव्हतं. कलाबाई दिवेलागणीला लेकाला डोळ्यांसमोर बघायची आणि निवांत भाकरी थापायची. लोकेशच्या बायकोला, दीपालीला, दिवस गेले होते. घर कसं रांगेला लागलं होतं.

गोपालनं मला देताना बजावलं होतं, "थंडीत हे दाट होते, तळाशी बसते. घाबराचं नाई. घरात कोरड्या, उबदार जागी ठेवाचं, चांगलं ढवळाचं. पर पाण्याचा थेंब लागू देऊ नको लोकेशभाऊ. तापवताना फुटते." लोकेशनं ऐकलं, दीपालीनं ऐकलं. कलाबाई तेव्हा धानाच्या कापणीला गेली होती. तिला सांगायचं कोणाला सुचलंच नाही. ती कुठे मला हात लावत होती?

यंदा थंडी अशी पडली की गुरं गोठ्यात कुडकुडली. मीही आतून आळून बसलो. लोकेशनं काडी फिरवून पाहिली तर ती उभीच राहिली. "आई, हे तं गोठून गेलं ना. सांजच्याले घुग्घुसवाले येतेत, त्यायले काय देऊ?" असं म्हणून तो बेडकांत घालायचा रंग आणायला बाजाराला गेला. दीपाली नळावर.

कलाबाईला गोठलेल्या वस्तूची काय भीती? मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल दर हिवाळ्यात तिच्या घरात थिजतं. ते कसं मोकळं करायचं हे तिला सासूनं शिकवलेलं. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळायचं, तेलाच्या भांड्याचं झाकण काढून ते पाण्यात उभं करायचं आणि ऊब जाऊ नये म्हणून दोन्हीवर मिळून परात पालथी घालायची. तिनं माझंही तेच केलं. आधी पदरानं मला पुसलं, आणि म्हणाली, "मोकळा होय बापा. माह्या लेकाची सारी आस तुह्यावर हाय."

इतक्या मायेनं मला कोणी कधी हाताळलं नव्हतं.

परातीखाली वाफ कोंडली. परातीला आतून थेंब धरले आणि एकेक करून माझ्यात पडू लागले. तेलात दोन थेंब पडले तर कढईत तडतडतं आणि निवतं. माझं तसं नाही हो! मला उकळत्या पाण्याच्या कितीतरी पुढं तापवतात. ते पाणी माझ्या दाटपणात अडकून बसलं, आणि मला तोंड असून बोलता येईना.

लोकेश आला. मी मऊ झालेला पाहून खूश झाला. "आई, तूच केलं काय? जमलं ना!" कलाबाई लाजून हसली. त्यानं मला ढवळलं, भांड्यात ओतलं, शेगडीवर ठेवलं. नितळ झालं का ते बघायला खाली वाकला.

तेव्हाच ते फुटलं. उकळतं प्लास्टिक त्याच्या तोंडावर उडालं आणि तिथंच चिकटलं. तो ओरडला तसा माणूस ओरडताना मी दुसऱ्यांदा ऐकू नये.

चंद्रपूरच्या दवाखान्यातून तो परतला तेव्हा एक डोळा गेलेला होता. दुसऱ्याला उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. गोपाल भेटायला आला. आधी त्यानं अंगणात माझ्यातलं चमचाभर काढून तापवलं. ते तडतडलं, आणि त्याचा चेहरा पडला. तो घरात शिरला तर कलाबाई बसलेल्या बायांना रडत सांगत होती, "म्या तं त्याले गरम पाण्यात ठेवून, परात झाकून चांगलं मोकळं केलं होतं. मंग काऊन असं झालं?"

गोपालनं तोंड उघडलं. पट्ट्या बांधलेल्या लोकेशनं चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"गोपाल," तो म्हणाला, "माल जुना होता ना?"

गोपालनं कलाबाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो काकी. मालच खराब होता. माही चूक."

कलाबाई उठली आणि त्याला नको नको ते बोलली. "माह्या घराची पायरी चढू नको." तो मान खाली घालून गेला, पुन्हा आला नाही. मला तिनं उचलून इथं भिरकावलं.

आता ती पहाटे हातजाळं घेऊन तलावावर जाते. लोकेशनं विनवण्या केल्या. "मंग कोण जाईल?" ती म्हणाली, "दीपाली? पोटात लेकरू हाय तिच्या." तो उंबऱ्यावर बसून राहतो, पावलं ऐकत. ती येईपर्यंत चहाला तोंड लावत नाही.

जाताना ती माझ्यावर थुंकते. थुंकू दे. तुम्ही कधी त्या गावी गेलात आणि ओल्या लुगड्यातली म्हातारी मासे घेऊन बसलेली दिसली, तर तिच्याजवळ बसा. लेकाचा विषय ती स्वतःच काढेल आणि विचारेल, त्या डब्यात असं काय होतं? हात जोडतो तुम्हाला, तिला सांगा, डबाच नासका होता.