लुआ वाचणारी दुसरी बाई

माझ्या कोडमध्ये कोणीतरी हात घातला होता.

भर दुपारची वेळ. लातूरच्या त्या मुलींच्या हॉस्टेलात पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, टॅबला वायर जोडून नव्या बॅचची नावं भरत होते, आणि दोनशे तिसऱ्या ओळीवर माझी बोटं थबकली. ती ओळ माझी नव्हती. आपल्याच ट्रंकेत, आपल्याच कपड्यांच्या घडीखाली कोणा परक्याचा रुमाल निघावा, तसं वाटलं. या अल्ला, म्हणलं, हे कोणाचं काम? एका पोरीची बारावी त्या ओळीत अडकली होती, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? मला आपली माझ्या कोडची पडली होती.

मी मुबश्शिरा. नांदेडला अब्बांचं शेरवान्या शिवायचं दुकान आहे, त्याच्या माडीवर बसून मी मोबाइलची ॲप करते. आमच्याकडं ॲप करणारे पुष्कळ झालेत आता. पण लुआ या कोडच्या भाषेत करणारी नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत मी एकटी, असं मी छाती काढून सांगायची. माझा चुलतभाऊ यासेर पुण्यात नोकरीला आहे. तो कोटलिनमध्ये लिहितो, सगळं जग ज्यात लिहितं त्यात. त्याला लुआचं कळलं तेव्हा हसता हसता त्याचा चहा सांडला.

"अगं, ती गेम बनवणाऱ्यांची भाषा. उद्या तू आजारी पडलीस तर नांदेडात तुझं कोड वाचणार कोण?"

"कोणी नाही," मी म्हणलं. "तेच तर पाहिजे!"

लोकांना मी वेगळं कारण सांगायची. लातूरच्या या हॉस्टेलचं ॲप मी केलेलं, आणि मालक बसलिंगप्पा यांनी त्यासाठी दिलेला टॅब इतका म्हातारा, की यासेरच्या पद्धतीचं ॲप त्यावर उघडेपर्यंत पोरींची जेवणं उरकली असती. लुआ हलकी, त्यावर झपाझप चालायची. हे खरंच होतं. पण आतलं कारण असं, की कॉलेजात माझा प्रोजेक्ट बघून तीन-तीन सरांनी विचारलं होतं, "हे कोणी करून दिलं बेटा?" माझ्या अंगाचा जाळ झाला होता त्या दिवशी. तेव्हाच ठरवलं, आता असं काही लिहायचं की कोणाच्या बापाला वाचता येऊ नये.

ॲप तसं साधं. टॅब हॉस्टेलच्या दारात टांगलेला. संध्याकाळी पोरगी क्लासवरून आली की आपल्या नावावर बोट ठेवायचं, आपले चार आकडे दाबायचे. मग गावाकडं बापाच्या मोबाइलवर मेसेज जातो, तुमची मुलगी अमुक वाजता हॉस्टेलला पोचली. सातच्या आत यायचं, हा नियम. किनवट, उमरी, देगलूर, कुठून कुठून पोरी डॉक्टर व्हायला लातूरला येतात. तो मेसेज आल्याशिवाय तिकडं बापांच्या घशाखाली घास उतरत नाही.

आता माझा आळस ऐका. ॲप नीट बांधून, बंद करून टाकायचं असतं. मी टॅबवर फोल्डर तसंच उघडं ठेवलं होतं, दुरुस्तीला सोपं पडतं म्हणून. फाइलवर बोट ठेवलं की सगळं कोड समोर. चोर आला तरी त्याला वाचता यायला पाहिजे ना, अशी माझी ऐट. वरून टिपणं. लुआत दोन आडव्या रेघा मारल्या की त्यापुढचं मशीन वाचत नाही, ते माणसासाठी असतं. मी तिथं माझ्या तोंडच्या मराठीत लिहून ठेवायची. "इथं पोरगी बोट लावते ती वेळ." "इथून मेसेज जातो, हात लावाल तर याद राखा." "मालक महाकंजूष, असल्या टॅबवर काय ताजमहाल बांधू?" "रेक्टरबाईला अक्षरं मोठी पाहिजेत म्हणे. जेलर कुठली!"

आणि आता दोनशे तिसऱ्या ओळीत एक शब्द बदललेला, आणि खाली कोणीतरी दोन रेघा मारून शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट लिहिलेलं: "मुलगी आली ती वेळ घ्यावी. नेट आलं ती नव्हे."

मी वायर हिसकून काढली, टॅब उचलला आणि तरातरा ऑफिसात गेले. रेक्टर शरणम्मा आक्का गेटपासवर सह्या करत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, उदगीरकडच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"आक्का, या टॅबला कोण हात लावलं? खरं सांगा. मी मालकांना सांगणार हाय."

"मीच लावले की," त्या म्हणाल्या, मान वर न करता.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तुम्ही? तुम्हाला लुआ येते?"

"ते काय असतंय?"

आक्कांनी टॅब माझ्या हातातून घेतला, फाइल उघडली आणि बोट सरकवत नेमकी ती ओळ काढली. मला सुद्धा शोधावी लागते.

"तुम्हीच लिहून ठेवलंय की सगळं मराठीत, कोणती ओळ काय करती ते," त्या म्हणाल्या. "उदगीरला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये वीस वर्षं कागद तपासले मी. चूक असली की डोळा तिथं अडतोच. हितं दोन जागी वेळ हाय. एक पोरगी बोट लावती तवाचा, एक मेसेज निघतो तवाचा. मेसेजात तुम्ही दुसरा घातला होता. मी पहिला घातले. तीन रात्री लागल्या वाचायला." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "जेलर बी वाचले मी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुंभ जळलं तरी पीळ काही सुटेना. मी उलट आवाज चढवला.

"मग मला सांगायचं ना आक्का! एक फोन करायचा!"

आक्कांनी पेन खाली ठेवलं. "केला होता की. नऊ दिवस झाले. तुम्ही काय म्हणाला, आठवतंय?"

आठवलं. मी बाजारात होते, बांगड्या बघत. आक्का सांगत होत्या, मेसेजची वेळ चुकून राहिली. आणि मी म्हणलं होतं, "ॲपात चूक न्हाई आक्का. पोरी खोटं बोलून राहिल्या असतील." एवढं बोलून फोन ठेवून दिला होता.

"त्या दिवशी साडेसहाला लाइट गेली," आक्का सांगू लागल्या. "नेटचं मशीन बंद. पोरी टायमात आल्या, बोट लावल्या, मी दारातच उभी होते. पावणेआठला लाइट आली आणि अकरा बापांना एकदम मेसेज गेला, तुमची मुलगी सात अठ्ठेचाळीसला आली. दहा जणांना मी समजावले. अकरावा ऐकला न्हाई. इस्लापूरचा रामकिशन. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर. मला म्हणला, मॅडम, तुम्ही पोरींचीच बाजू घेणार. तुमचं फोनवरचं बोलणं मी मालकांना सांगितले होते, त्यांनी बी तेच सांगितलं, ॲपवाली चूक न्हाई म्हणती. झालं. पोरीची पेटी उचलला आणि घेऊन गेला."

"कोणती पोरगी?"

"तनुजा. फिजिक्सात पहिली यायची. आता तिला बघायला उमरीचे पाहुणे येऊन राहिलेत म्हणे. मैत्रिणीला रडून रडून सांगत होती. बारावी गेली तिची."

मी खुर्चीत बसलेच. असली चूक यासेरला दाखवली असती तर त्यानं चहा पिता पिता काढून दिली असती. पण मी कोणाला दाखवलंच नाही. दाखवता येऊ नये म्हणूनच तर ही भाषा धरली होती मी! माझी मला इतकी शिसारी आली की सांगता येत नाही. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून मी आयुष्यभर जळले, आणि एका पोरीला न बघता, न विचारता मी खोटारडी ठरवलं होतं.

टॅबमध्ये आणखी एक फाइल असते. प्रत्येक पोरीनं बोट कधी लावलं त्याची नोंद, माझ्या तपासणीसाठी ठेवलेली. मी ती उघडली. त्या तारखेला तनुजाचं नाव होतं आणि पुढं वेळ होती, सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं. नऊ दिवस ती तिथंच पडून होती. मी उघडून बघितली नव्हती.

मेसेज जातो तोच रामकिशनचा नंबर मी लावायला घेतला. आक्कांनी माझा हात धरला.

"आधी मालकांना विचार गं. ॲप चुकलं म्हणून कळलं तर तुला काढून टाकतील."

"काढू दे," मी म्हणलं.

दोन रिंगांत फोन उचलला. "कोण?"

"काका, मी मुबश्शिरा. हॉस्टेलचा तो मेसेज येतो ना, ते मशीनचं काम माझं हाय."

"बोला."

"त्या दिवशीचा मेसेज खोटा होता काका. तनुजा वेळेत आली होती. लाइट गेली होती, मेसेज उशिरा निघाला, अन् त्यात निघाल्याची वेळ पडली. चूक माझी हाय. तिची न्हाई, रेक्टरबाईंची न्हाई. माझी हाय."

ते बोलले ते बसल्या आवाजात.

"पोरगी हेच सांगत व्हती. पाय धरून सांगत व्हती. मी म्हणलं, माणूस खोटं बोलतंय, मशीन कशाला खोटं बोलंल? हात उचलला बाई मी तिच्यावर. जिंदगीत पहिल्यांदा."

मला रडू फुटलं. आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, मी तो तसाच बाजूला ठेवला.

"तिला फोन द्या काका," मी कशीबशी म्हणलं.

थोड्या वेळानं एक बारीक आवाज आला. माफी कशी मागायची ते मी मनात जुळवत होते. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"किती वाजता आलते मी?"

"सहा एक्केचाळीस."

"थांबा." फोन हलल्याचा आवाज, कपबशांचा आवाज, बायकांची कुजबुज. "आता बोला ताई. स्पीकरवर टाकलंय. आई हाय, चुलते हायत, उमरीचे पाहुणे बी बसलेत. तारखेसकट सांगा. मोठ्यानं सांगा."

मी उभी राहिले. शरणम्मा आक्कांनी त्या ओळीवर बोट ठेवून टॅब माझ्यापुढं धरला, आणि मी मोठ्यानं वाचायला लागले.