लाल-पिवळ्या तारेचा डबा

गोंदियाहून निघालेली बस राजेगाव ओलांडून जेमतेम कोसभर गेली असेल, तोच थांबली. पुढे ट्रक, ट्रकांपुढे मोटारसायकली आणि त्यांच्याही पुढे रस्त्यावर आडवी बांधलेली दोरी. भोजराज खिडकीशी बसला होता. सकाळीच गोंदियात त्याला नवा चष्मा मिळाला होता आणि त्यातून दिसणारं जग अजून नवलाचं वाटत होतं. धानाच्या बांधीतली एकेक काडी वेगळी, बगळा वेगळा, पाण्यातला बगळा वेगळा.

कंडक्टर टिकाराम खाली उतरून चौकशी करून आला. "पुलियाखाली बम सापडला म्हणते."

खिडक्यांबाहेर काढलेल्या माना आत आल्या. नक्षल्यांच्या या जिल्ह्यात पुलियाखालचा, रस्त्याखालच्या मोरीतला डबा म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरांनाही सांगावं लागत नाही.

"कोणं ठेवला असन?" मागच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं.

"ठेवणारा नाव लिहून जाते का, मावशी?" टिकाराम म्हणाला. दोघं-तिघं हसले, पण हसू लगेच विझलं.

शेजारच्या माणसाच्या मोबाइलवर व्हिडिओ आला होता. त्यानं तो भोजराजपुढे धरला. सिमेंटचा पाइप, पाइपात एक स्टीलचा डबा, डब्याभोवती काळी चिकटपट्टी आणि पट्टीवरून घट्ट आवळलेली लाल-पिवळी तार. तारेची दोन्ही टोकं एकमेकांत पिळलेली, पीळ मागे दुमडलेला, दुमड तारेखाली खोचलेली.

भोजराजनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. नव्या काचांना दया नव्हती. कडेचा पोचासुद्धा दिसत होता. बत्तीस वर्षं मँगनीजच्या खाणीत तो सुरुंग उडवणारा ब्लास्टर होता, आणि सोळा वर्षं जेवणाचा तोच डबा त्याच्याबरोबर खाली उतरला होता. ती गाठही त्याचीच. कागदावर सही करताना त्याचा हात अडखळे, पण ती गाठ म्हणजे त्याची सही होती.

पंधरा दिवसांपूर्वी मयुरीनं डबा पुढे केला होता. "बाबा, झाकण पक्कं बांधून द्या. पाणी नाही गेलं पाहिजे."

"काय आहे त्याच्यात?"

"खेळ आहे. आम्ही लपवतो, ठिकाण मोबाइलवर टाकतो. कुठले-कुठले लोक शोधत येतात, आतल्या वहीत नाव लिहितात आन् डबा परत ठेवून देतात."

पोरीच्या खेळात काय विचारायचं, म्हणून त्यानं पुढे विचारलं नव्हतं. परसात गेला, हाताला लागली ती तार घेतली आणि बांधून दिला.

त्यानं घरी फोन लावला. बायकोचा, शेवंताबाईचा आवाज फाटलेला होता.

"अवो, पोलीस येऊन मयुरीले घेऊन गेले. तिनंच त्यायले फोन केलता. मोबाइलवर फोटो पाहिला आन् म्हणे, तो डबा माहा आहे, त्यात काहीच नाही, फोडू नका."

तेवढ्यात दूर पुलियाकडे धाडकन आवाज झाला. बगळे उठले. भोजराजनं आयुष्यात हजारो धमाके ऐकले होते, स्वतःच्या हातानं केले होते. हा त्यांच्यापुढे काहीच नव्हता, बॉम्बवाल्यांनी डबा लांबून फोडला एवढंच. तरी फोन त्याच्या मांडीवर पडला.

पुढच्या महिन्यात मयुरी वनरक्षक होणार होती. यादीत नाव आलं होतं, खाकी कापड शिंप्याकडे पडलं होतं. राहिली होती फक्त पोलिसांची पडताळणी. आणि पडताळणीचा कागद ज्या ठाण्यातून निघायचा, त्याच ठाण्यात पोरगी या घटकेला बसली होती.

रस्ता मोकळा झाला. बालाघाट येईपर्यंत भोजराजनं मनाशी ठरवून टाकलं होतं. सांगायचं, डबा मीच ठेवला. म्हाताऱ्या माणसाचं काय जाते?

ठाण्यात मयुरी बाकावर ताठ बसली होती. बापाला पाहून तिनं हलकेच मान हलवली. नाही, म्हणून. कशाला नाही, ते त्याला कळलं नाही.

ठाण्याचे प्रमुख, टीआय वीरेंद्रसिंह शांत माणूस होते. टेबलावर डब्याचे तुकडे पसरले होते. त्यात वहीचं एक ओलं पान होतं. त्यांनी ते भोजराजपुढे सरकवलं. "यह क्या है? कोई कोड है?"

मयुरीच्या अक्षरात लिहिलं होतं:

*पहिली माही ओवी वं, खाणीच्या त्या भोंग्याले*
*सुखरूप वर आण, माय, माह्या घरधन्याले*

भोजराजनं त्या ओळी बोटानं वाचल्या. शेवंता पहाटे दळताना हे म्हणायची, तो पहिल्या पाळीला निघायचा तेव्हा. पोरीनं कधी लिहून घेतलं, कोण जाणे.

"गाना है साहेब. माह्या बायकोचं."

टीआयंनी पान बाजूला ठेवलं. मग साध्या शब्दांत समजावून सांगितलं, आणि तो साधेपणाच भयंकर होता. डबा ठेवून लोकांना घाबरवलं, रस्ता अडला, हा गुन्हा आहेच. पण त्याला जामीन आहे. तारेचं तसं नाही. ही सुरुंग पेटवणाऱ्या डेटोनेटरची तार आहे. ती विस्फोटकाच्या कायद्यात जाते. तिथून माणूस लवकर बाहेर येत नाही.

"लडकी कहती है, तार भी उसी ने बांधा. कबाड़ में मिला."

भोजराजनं पोरीकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. मघाशी मान कशाला हलवली, ते आता त्याच्या ध्यानात आलं. खाणीतून निवृत्त झालेला ब्लास्टर आणि डेटोनेटरची तार, या दोन गोष्टी शेजारी आल्या की बापाचं काय होईल, हे तिनं त्याच्याआधी ओळखलं होतं.

"खोटं बोलते साहेब ती. डबा मी ठेवला, तारही माहीच."

"बाबा, चूप राहा ना."

"तू काहून मधात बोलून राह्यली?"

टीआयंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खणातून विजेच्या तारेचे दोन तुकडे काढले, एक-एक तुकडा दोघांना दिला, आणि पाण्याची एक-एक बाटली. "बांधो. जैसे डिब्बा बांधा था."

मयुरीनं बांधलं. वेणीची रिबीन बांधावी तसं फूल झालं तिचं. हवालदार खाली मान घालून हसला.

भोजराजनं तार हातात घेतली. बोटं त्याची नव्हतीच, ती खाणीची होती. फेरा, ओढ, टोकाला टोक, पीळ, दुमड, खोच. दोन श्वासांत गाठ तयार. फोटोतली आणि बाटलीवरची, जुळी.

"दोनों सिरे क्यों मरोड़े?" टीआयंनी विचारलं. "हमारा बम वाला इसी से डरा. कहता है, यह किसी जानकार का काम है."

"टोक उघडं ठेवायचं नाही, साहेब. उघड्या टोकातनं करंट शिरते, सुरुंग अवेळी उडते, माणूस मरते. पयल्या दिवशी शिकवलतं. त्याच्यानं कोणी मरू नाही, म्हणून."

 जी गाठ तो माणसं वाचवायला शिकला, तिच्यामुळे अख्खा रस्ता दोन तास श्वास रोखून उभा होता.

"ठीक. तार आपका. अब बताइए, डिब्बा पुलिया में किस तरफ़ रखा था?"

भोजराजनं आठवून पाहिलं. व्हिडिओत नुसता पाइप होता. बाजू कुठली, त्याला माहीत नव्हतं.

"नदीच्या बाजूनं," मयुरी हळूच म्हणाली. "मी ठेवला साहेब. बाबाले जागाबी माहीत नाही."

"साहेब," भोजराज म्हणाला, "ही तार कुठची, ते पाहायले एकदा भरवेलीले, आमच्या वस्तीत चला. मंग जे लिहायचं ते लिहा."

जीप खाणीच्या वस्तीत शिरली. टीआय उतरले आणि दोन पावलांवर थांबले. अंगणात कपडे वाळत होते, लाल-पिवळ्या तारेवर. वालाचा वेल चढला होता, लाल-पिवळ्या तारेवर. शेजारच्या कमलाबाईच्या कोंबड्यांचा खुराडा, सायकलींचे कॅरिअर, खाटेचा मोडका पाय, एका दारावर बाबासाहेबांच्या फोटोची चौकट, सगळ्यांना तीच तार. उडवून झालेल्या सुरुंगांच्या दगडमातीत ती निघायची आणि चाळीस वर्षं वस्ती तिनं आपला संसार बांधत आली होती.

टीआयंनी वालाच्या वेलाखालची तार दोन बोटांत धरून पाहिली.  हवालदारानं कोऱ्या आवाजात विचारलं, "सर, यहाँ तो पूरी गली…" आणि वाक्य तिथंच सोडलं.

तारेचे नमुने तपासायला गेले. जळकी, निकामी तार, असं लिहून आलं आणि विस्फोटकाचं कलम वगळलं गेलं. डब्याचं राहिलं. मयुरीच्या नावावर राहिलं. तारीख पडली.

पडताळणीचा कागद भरायला आला त्या दुपारी ती ओसरीवर बसली. एका ओळीशी पेन थांबलं. आपल्यावर कोणतं प्रकरण चालू आहे काय.

"नको लिहू," शेवंताबाई म्हणाली. "कोण पाह्यते?"

"सगळेच पाह्यतात, माय." मयुरीनं लिहिलं: हो. गुन्ह्याचा क्रमांक लिहिला, पुलिया लिहिली, डबा लिहिला.  शिंप्याकडचं कापड मात्र तिनं कोणाला आणायला सांगितलं नाही.

भोजराज ते पाहू शकला नाही. अंगणात गेला आणि कपडे वाळायची तार खुंटीवरून सोडू लागला. गल्लीत आणखीही कोणी-कोणी पोलिसांच्या धसक्यानं तारा काढत होते, खुराडे उघडे पडले होते. त्यानं तार गुंडाळली, वेटोळं केलं, टीआयंच्या हवाली करायला पिशवीत टाकलं. मग थबकला. वेटोळं पुन्हा बाहेर काढलं. दोन टोकं उघडी लोंबत होती.

हात थांबले नाहीत. टोकाला टोक, पीळ, दुमड, खोच.